सिगुर रोसचा ‘वॉन’: हरभऱ्याच्या ओलितापासून मृगापर्यंत

आइसलँडच्या सिगुर रोस या बँडचं नाव निघालं की लोक थेट 1999 च्या ‘आउगैटिस बिर्युन’ या अल्बमवर जातात. त्याच्या दोन वर्षं आधी, जून 1997 मध्ये, त्यांचा पहिला अल्बम ‘वॉन’ आला होता. चाहत्यांना तो माहीत असतो, पण सलग बसून ऐकलेला क्वचितच असतो. मी तो दिवाळीनंतर हरभऱ्याचं ओलित सुरू झालं तेव्हा मोबाइलमध्ये उतरवून घेतला. आता मृगाची वाट बघतोय, तरी तो चालूच आहे. हा अल्बम रात्री, उघड्यावर आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, हे माझं मत आता पक्कं झालंय. दिवसा दोन-चार तुकडे ऐकून ज्यांनी त्याला कच्चा ठरवलं, त्यांनी फार घाई केली.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शेतीपंपाची थ्री फेज लाइन पाळीपाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रपाळी असली की मोटर सुरू करायची, स्प्रिंकलर फिरायला लागले की पाईप बदलेपर्यंत बांधावर बसायचं. अल्बम जवळपास 72 मिनिटांचा आहे. एका जागेवरचं पाणी होईतो तो आरामात पूर्ण होतो.

पहिलाच तुकडा बँडच्या नावाचा, पावणेदहा मिनिटांचा. त्यात ठेका नाही, चाल नाही. एक घोंघावणारा आवाज पसरत जातो आणि त्यातून दूरवरून किंकाळ्या येतात. बाबांनी एकदा ऐकलं आणि म्हणाले, “काय लावलं बे हे? कोनी रडून राह्यलं का?” प्रश्न बरोबर होता. नवा माणूस इथेच बंद करतो. पण हा तुकडा कानांना अंधाराची सवय लावतो, आणि ती लागल्याशिवाय पुढचं नीट उघडत नाही. दुसऱ्या गाण्यात आवाज एकदम निवळतो, तिसऱ्यात गिटारींचा जाड, करकरीत थर चढतो. पाचवं ‘मिर्कुर’ मात्र सरळ गाणं आहे: ठेका आहे, चाल आहे, गायक-गिटारवादक योन्सीचा तो उंच, बारीक आवाज आहे. ज्याला धीर नाही त्याने इथून सुरुवात केली तरी चालेल.

मग येतात अठरा सेकंदं. नावच ‘सूर्योदयाआधीची 18 सेकंदं’, आणि त्यात काहीही वाजत नाही. त्यानंतर ‘हाफसोल’.

या एका तुकड्यासाठी मी अख्खा अल्बम जपून ठेवलाय. बारा मिनिटं आणि वर थोडी. सुरुवातीला नुसता बास गिटारचा ठोका, एकसारखा, मागे हळूहळू आवाज भरत जाणारे. जानेवारीतली रात्र होती, थंडी अंगात शिरलेली, आणि स्प्रिंकलरचा नोझल ‘चट चट चट’ करत एका बाजूने गोल फिरत होता. काही वेळाने बास आणि नोझल एका लयीत आले, मग सुटले, मग पुन्हा जुळले. मी टॉर्च बंद करून उभाच राहिलो. गिटारच्या तारांवर सेलोचा गज ओढून योन्सी जो लांबलचक, सारंगीसारखा रडवेला स्वर काढतो, तो पुढे या बँडची ओळखच झाला. त्याचं मूळ या पहिल्या अल्बमातच आहे. शेवटी सगळं एकदम फुटतं तेव्हा आवाज मोठा झाला असं वाटत नाही, आभाळच जवळ आल्यासारखं वाटतं.

पुढच्या अल्बमांत जे मऊपण आहे ते इथे का नाही, याला कारण आहे. तेव्हा बँडमध्ये तिघंच होते: योन्सी, बासवर गेऑर्ग होल्म आणि ड्रमवर आउगुस्त. कीबोर्ड आणि तंतुवाद्यांची मांडणी सांभाळणारा क्यार्तान 1998 मध्ये आला. आउगुस्त 1999 मध्ये बँड सोडून गेला, त्यामुळे त्याचं ड्रमिंग ऐकायचं तर पहिले दोनच अल्बम आहेत. ‘हाफसोल’नंतरच्या छोट्या तुकड्यात ते पुढे येऊन वाजतं. पैशाची चणचणही होती. स्टुडिओला रंग मारून देऊन त्यांनी रेकॉर्डिंगचा वेळ मिळवला, असं सांगतात. आइसलँडात पहिल्या वर्षी जेमतेम 313 प्रती खपल्याचं म्हटलं जातं. देशाबाहेर तो नीट पोचला 2004 मध्ये, तोवर जगाने पुढचे अल्बम डोक्यावर घेतले होते. मग याला कोण विचारणार? मला याचं खरंच वाईट वाटतं.

शेवटच्या ‘रुक्रिम’बद्दल तक्रारी फार आहेत. आधी सुमारे सहा मिनिटं पूर्ण शांतता, मग ‘मिर्कुर’चा भाग उलटा वाजतो. फोनवर लोक ही शांतता पुढे ढकलतात. आमच्याकडे मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी 4.58 ला लाखो माणसं एकदम मौन धरतात. खंजिरीचे भजनं थांबल्यावर जे उरतं ते कानांनी ऐकू येतं. त्यात एकदा उभा राहिलेला माणूस या सहा मिनिटांना रिकामी जागा म्हणणार नाही. त्या वेळात मला पाण्याचा, रातकिड्यांचा, डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, गुणगुणण्याचा आवाज नव्याने ऐकू आला, आणि त्यातून उलटं गाणं कधी सुरू झालं ते कळलंही नाही.

उणिवा आहेत. चौथा आणि दहावा तुकडा मला आजही भरतीचे वाटतात. मधे अल्बम थोडा बसतो. रेकॉर्डिंग काही ठिकाणी गढूळ आहे, शब्द आणि गिटार एकमेकांत मिसळून जातात. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर तर ‘हाफसोल’चा बास गायबच होतो, अर्धं गाणं गेलं समजा. वायरचे इअरफोन बरे. पण जागलीला गेलात तर दोन्ही कान बंद करून ऐकू नका; रोही (नीलगायी) आणि रानडुकरं पिकात शिरली तर पत्ता लागत नाही. आणखी एक: अॅपमध्ये गाण्यांमधलं अंतर शून्य करा आणि शफल बंद ठेवा. तुकडे एकमेकांत वाहतात, मधे खाच पडली की रस जातो.

उन्हाळ्यात घरात कूलरच्या घरघरीत ऐकून पाहिला, अजिबात जमला नाही. रात्री अंगणात बाज टाकून ऐकला तेव्हा अकरावं गाणं, साडेसात मिनिटांचं, संथ, जवळपास कुजबुजल्यासारखं, पहिल्यांदा खऱ्या अर्थाने सापडलं. बाबा शेजारच्या बाजेवर होते. “हे बरं हाय, राहू दे,” एवढंच म्हणाले. त्यांना आता फक्त तेच गाणं लागतं.

‘हाफसोल’ आणि अल्बमच्याच नावाचं ‘वॉन’ ही दोन गाणी बँडने पुढे नव्याने रेकॉर्ड केली; ती 2007 च्या ‘क्वार्फ-हेइम’ या अल्बमवर आहेत. ती जास्त स्वच्छ आहेत, नव्या माणसाला ऐकवायला सोपी आहेत. मी जुनी-नवी दोन्ही ठेवलीत, पण ओलिताला जाताना जुनंच ‘हाफसोल’ लावतो.