दुचाकीचा क्लेम आणि कारचा बोनस : लातूरच्या एका विमा शाखेचा अनुभव

गेल्या जूनमध्ये माझ्या कारच्या विम्याच्या नूतनीकरणाचा कागद लातूरच्या एका खासगी विमा कंपनीच्या शाखेतून आला, तेव्हा त्यावरचा आकडा पाहून तो दुसऱ्याच कुणाचा असावा असे मला आधी वाटले. आदल्या वर्षी पावणेनऊ हजारांच्या आत बसलेला हप्ता या वेळी 12,438 रुपयांवर गेला होता आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केलेल्या वर्षांबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, तिच्या रकान्यात, जिथे 50 टक्के असायला हवे होते, तिथे शून्य होते. फोन केल्यावर पलीकडच्या मुलाने अतिशय नम्रपणे सांगितले, "सर, जानेवारीत तुमचा क्लेम झालाय ना, मग बोनस जातोच." क्लेम झाला होता हे खरे होते. तो दुचाकीचा होता.

मी अंबाजोगाईला कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकवतो. एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात खतावली गेली, तर दोन्ही खाती चुकतात, हे अकरावीच्या मुलांना दरवर्षी सांगण्यात माझा पहिला महिना जातो, त्यामुळे हा प्रकार मला सोडून देता आला नाही. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक शेवटी दुरुस्त झाली आणि कंपनीचे अर्धे काम खरोखर चांगले होते. लिहितो आहे ते एवढ्यासाठी, की हाच गैरसमज मला नंतर आमच्या भागातल्या पाच-सहा जणांच्या तोंडून ऐकायला मिळाला. त्यांपैकी परभणीच्या माझ्या मेहुण्यांनी तर कारचा बोनस जाईल या भीतीने दुचाकीचा चौदा हजारांचा खर्च खिशातून केला होता.

आधी चांगल्या अर्ध्याबद्दल. जानेवारी म्हणजे आमच्याकडे उसाचा हंगाम. अंबाजोगाईहून लातूरकडे जाताना बर्दापूरच्या पुढे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रांगेने कारखान्याकडे निघालेले असतात आणि त्यांच्यामागे रस्त्यावर ऊस सांडत जातो. संध्याकाळी सहाच्या सुमारास अशाच सांडलेल्या उसावरून माझ्या दुचाकीचे पुढचे चाक घसरले आणि मी डाव्या हातावर पडलो. दुसऱ्या कुणाच्या वाहनाला किंवा माणसाला काही झाले नाही, म्हणून माझ्याकडे पोलिसांचा कागद मागितला गेला नाही. आरसी, परवाना, पॉलिसी, क्लेम फॉर्म आणि गॅरेजचा अंदाज एवढ्यावर काम झाले. मी त्याच रात्री टोल फ्री क्रमांकावर कळवले होते. तिसऱ्या दिवशी नुकसानीची पाहणी करणारे सर्व्हेअर गॅरेजमध्ये आले, त्यांनी फोटो काढले, प्रत्येक भागाचा दर विचारला आणि हँडल सरळ करून चालेल का बदलावेच लागेल, यावर मेकॅनिकशी अगदी मुद्देसूद बोलले. सतरा दिवसांत पैसे खात्यावर जमा झाले.

किती झाले, ते मांडतो, कारण "फुल इन्शुरन्स आहे, सगळे मिळते" असे समजणाऱ्यांना इथेच धक्का बसतो. एकूण बिल 10,350 रुपयांचे होते. त्यात प्लास्टिकचे भाग, म्हणजे हेडलाइटचा साचा, मडगार्ड आणि बाजूचे कव्हर, 4,640 रुपयांचे; प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांवर गाडी कितीही नवी असली तरी निम्मा घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, धरतात, म्हणून त्यांचे 2,320 मिळाले. धातूच्या भागांचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे वाढत जातो. माझी दुचाकी तीन वर्षांहून जुनी आणि चार वर्षांच्या आतली असल्याने तो 25 टक्के लागला आणि 3,960 चे 2,970 झाले. मजुरी 1,750 पूर्ण धरली. दुचाकीसाठी प्रत्येक क्लेममध्ये सक्तीने वजा होणारे 100 रुपये काढल्यावर हाती 6,940 आले आणि 3,410 माझे गेले. हा घसारा टाळायचा असेल तर झिरो डेप हे जादा संरक्षण घ्यावे लागते. मी ते दुचाकीला घेतले नव्हते आणि तीन वर्षांनंतर घ्यावे असे मला अजूनही वाटत नाही.

मनगटाच्या हाडाला तडा गेला होता. त्याच्या खर्चाचा या पॉलिसीशी काहीही संबंध नाही. वाहनाच्या पॉलिसीत मालक-चालकाचा 15 लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा असतो, पण तो मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांच्यासाठी आहे, प्लास्टरसाठी नाही. तो खर्च माझ्या आरोग्य विम्यातून निघाला.

आता मूळ मुद्दा. नो क्लेम बोनस ही विमाधारकाची कमाई असली, तरी ती ज्या वाहनाच्या पॉलिसीवर कमावली त्याच पॉलिसीच्या हिशेबात राहते. दुचाकीची खतावणी वेगळी, कारची वेगळी. पहिले वर्ष क्लेमशिवाय गेले की 20 टक्के, मग ओळीने 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षानंतर 50 टक्के, आणि त्यावर वाढ नाही. जुनी कार विकून नवी घेतली तर मालक तोच असल्याने बोनस नव्या कारवर नेता येतो, त्यासाठी कंपनीकडून पत्र घ्यावे लागते आणि ते तीन वर्षे चालते. पण दुचाकीचा बोनस कारवर नेता येत नाही, कारण वाहनाचा वर्ग बदलतो. जो बोनस एका खात्यातून दुसऱ्यात जाऊ शकत नाही, त्याचा दंड तरी कसा जाईल? माझ्या दुचाकीच्या क्लेममुळे दुचाकीचा बोनस शून्य व्हायला हवा होता आणि कारचा 50 टक्क्यांवर राहायला हवा होता. शाखेत दोन्ही पॉलिसी एकाच ग्राहक क्रमांकाखाली होत्या आणि माणसाने वाहन क्रमांक न पाहता ग्राहकाच्या नावापुढचा क्लेम उचलून कारच्या कागदावर मांडला होता.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही ती अशी, की ही सवलत पूर्ण हप्त्यावर नसते. हप्त्याचे दोन भाग असतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाला ओडी म्हणतात आणि बोनस फक्त त्यावर मिळतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा, भाग 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 प्रमाणे सक्तीचा आहे, त्याचे दर ठरवून दिलेले आहेत आणि ते क्लेम होवो न होवो, सर्वांना सारखेच लागतात. 1 जून 2022 पासूनच्या दरपत्रकात 1000 ते 1500 सीसीच्या खासगी कारला 3,416 रुपये आणि 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला 714 रुपये आहेत. त्यामुळेच ज्यांच्या दुचाकीला केवळ थर्ड पार्टी विमा आहे, आणि आपल्याकडे पाच वर्षांचा थर्ड पार्टी घेऊन पहिल्या वर्षानंतर ओडी विसरून जाणारे फार आहेत, त्यांच्यापुढे दुचाकीच्या बोनसचा प्रश्नच नाही. त्यांना स्वतःच्या गाडीचा क्लेमही मिळत नाही.

मेहुण्यांना मी जो हिशेब करून दाखवला तो इथेही देतो. माझ्या दुचाकीचा पुढच्या वर्षाचा ओडी हप्ता बोनस धरण्यापूर्वी 680 रुपये होता. क्लेम केला नसता तर 45 टक्के मिळाले असते आणि पुढच्या वर्षी 50. क्लेम केल्यामुळे शून्यापासून सुरुवात, म्हणजे फरक अनुक्रमे 45, 30, 25, 15 आणि 5 टक्के, एकूण 120 टक्के. ओडी दर वर्षी तेवढाच राहील असे धरले, आणि प्रत्यक्षात तो गाडीच्या किमतीबरोबर कमी होतो, तरी पाच वर्षांत माझे 816 रुपये जातील. 6,940 मिळवण्यासाठी 816 घालवणे मला परवडते. कारचे गणित उलटे आहे. तिचा ओडी 6,800 आहे आणि बोनस 50 टक्के. एका क्लेमने पाच वर्षांत 125 टक्के, म्हणजे साडेआठ हजार जातील आणि शिवाय कारच्या क्लेममध्ये सक्तीची वजावट 1,000 रुपये, 1500 सीसीच्या वरच्या गाडीला 2,000. म्हणून बंपरच्या चार-पाच हजारांच्या ओरखड्यासाठी मी कारचा क्लेम कधीच करणार नाही, आणि दुचाकीचा दहा हजारांचा खर्च कधीच खिशातून करणार नाही. आमच्याकडे लोक नेमके याच्या उलट वागतात.

कारने दुचाकीला धडक दिली तर काय, असेही मला विचारले गेले. समोरचा माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागतो, ती तुमच्या थर्ड पार्टी भागातून कंपनी भरते आणि त्यामुळे तुमचा ओडीवरचा बोनस जात नाही. त्याच अपघातात तुम्ही स्वतःच्या कारच्या दुरुस्तीचाही क्लेम केला, तर मात्र जातो. परवाना नसलेल्या मुलाच्या हाती गाडी दिली असेल, तर दोन्हीकडे अडचण येते. कंपनी दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

दोन्ही वाहनांचा खरा संबंध एकाच ठिकाणी येतो आणि तिथे तो ग्राहकाच्या फायद्याचा आहे. वर सांगितलेला 15 लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा वाहनाला नसून माणसाला आहे. 1 जानेवारी 2019 पासून तो एकदाच घेतला तरी चालतो; तुमच्या नावावर दुचाकी, कार आणि ट्रॅक्टर असला तरी प्रत्येक पॉलिसीत त्याचे पैसे भरण्याची गरज नाही. माझ्या दुचाकीच्या पॉलिसीत तो आहे. तरीही कारच्या कागदावर 325 रुपये लावलेले होते, आणि हा मजकूर लिहिणाऱ्या पुस्तपालनाच्या शिक्षकाने आदल्या वर्षी ते मुकाट भरलेही होते, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

तक्रारीचा प्रवास असा झाला. फोनवर तीन वेळा तेच उत्तर मिळाले. शाखेत स्वतः गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी संगणकावर पाहून "सिस्टीममध्येच तसे दाखवते, आम्हाला बदलता येत नाही," असे सांगितले. शाखा व्यवस्थापकांनी चहा पाजला आणि एकाच मालकाच्या दुचाकी व कारसाठी एकत्र पॉलिसी घेण्याचा प्रस्ताव ठेवला. अशा एकत्र पॉलिसीला विमा नियामक प्राधिकरणाने 2022 मध्ये परवानगी दिलेली आहे, पण जिथे वेगवेगळी खाती असतानाही एकाचे दुसऱ्यात खतावले जाते, तिथे दोन्ही एकत्र करून घेणे मला शहाणपणाचे वाटले नाही. बोनस आणि क्लेम वाहनवार राहतील का, हे लेखी द्या म्हटल्यावर तो विषय मिटला.

शेवटी मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. त्यात दोन्ही पॉलिसींचे क्रमांक, दोन्ही वाहनांचे क्रमांक, क्लेमचा क्रमांक आणि तो कोणत्या वाहनाचा आहे, हे एका तक्त्यात मांडले आणि मागणी एका वाक्यात लिहिली. अशा तक्रारीला कंपनीकडे चौदा दिवस असतात. मला चौथ्या दिवशी उत्तर आले आणि सुधारित कागद सोबत जोडलेला होता. तो आला नसता तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार आणि त्यानंतर मराठवाड्यासाठी पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज, हा मार्ग मोकळा होता. वेळेचे मात्र भान ठेवावे लागते. पॉलिसीची मुदत संपून 90 दिवस उलटले तर कष्टाने जमवलेला बोनस खरोखरच जातो, आणि मधल्या काळात विम्याविना गाडी चालवताना सापडलात तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड आहे. मी मुदतीच्या वीस दिवस आधी सुरुवात केली होती, म्हणून भांडायला सवड मिळाली.

एक इशारा द्यावासा वाटतो. याच काळात आमच्या गावातल्या एका एजंटाने दुसऱ्या कंपनीत जा, दुचाकीचाही बोनस कायम दाखवून देतो, असे सुचवले होते. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे खातरजमा करते आणि खोटा बोनस घेतलेला आढळला, तर क्लेमच्या वेळी पैसे नाकारले जाऊ शकतात. तीनशे रुपयांसाठी हा धोका पत्करणाऱ्याला काय म्हणावे! दुसऱ्या कंपन्यांचे दर मात्र जरूर मागवावेत, कारण 2007 पासून ओडीचे दर कंपन्या स्वतः ठरवतात. मी दोन ठिकाणी विचारले आणि एक दर चारशे रुपयांनी कमी होता.

तरीही मी याच कंपनीकडे राहिलो, ते सर्व्हेअरमुळे. क्लेमच्या कामाला पाचपैकी साडेचार, नूतनीकरणाच्या टेबलाला दीड. सुधारित कागदावर ओडीचे 3,400, थर्ड पार्टीचे 3,416, व्यक्तिगत अपघाताच्या रकान्यात काही नाही, आणि 18 टक्के कर धरून 8,043 रुपये झाले. पहिल्या कागदापेक्षा 4,395 कमी. नोव्हेंबरात दुचाकीचा कागद आला, तेव्हा मी आधी बोनसचा रकाना पाहिला. तिथे शून्य होते, ते बरोबर होते, आणि 1,186 रुपये मी त्याच दिवशी भरून टाकले.