अम्ब्रेला की स्वतःची लिमिटेड?

ब्रिटनमध्ये आयटीचं कंत्राट ठरत आलं की एजन्सीकडून फोन येतो, "अम्ब्रेला की लिमिटेड?" अम्ब्रेला म्हणजे आपल्याला नोकर म्हणून दाखवून पगार देणारी मधली कंपनी, लिमिटेड म्हणजे आपली स्वतःची कंपनी. उत्तर देण्याआधी उलट विचारा, काम इनसाइड आहे की आउटसाइड? म्हणजे कंत्राट असूनही काम खरं तर नोकरीसारखंच आहे का, हे पाहणाऱ्या आयआर३५ या करनियमात बसतं की नाही. नियम २००० सालचा, पण एप्रिल २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या मोठ्या-मध्यम कंपन्यांकडे हे क्लायंटच ठरवतो. क्लायंट छोटा असेल तर निर्णय आपल्या कंपनीचा.

इनसाइड असेल तर लिमिटेडच्या नादी लागू नका. कर पगारासारखाच कापला जाणार, वर अकाउंटंटची फी आपल्या माथी.

अम्ब्रेलात आपण कागदोपत्री तिचे नोकर. पहिली पेस्लिप पाहून मात्र पोटात गोळा येतो. समजा, रेट दिवसाला ४०० पौंड, म्हणजे आठवड्याला २,०००. त्यातून अम्ब्रेलाचं मार्जिन, म्हणजे तिची फी, २५ पौंड. मग मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेचा सरकारी हप्ता) १५ टक्क्यांनी सुमारे २४४, आणि अप्रेंटिसशिप लेव्ही, म्हणजे मालकांवरचा प्रशिक्षण-कर, ९. मालकाचा म्हणतात, पण जातो आपल्याच रेटमधून! उरले १,७२२. हा झाला पगार. आपला इन्कम टॅक्स आणि आपला नॅशनल इन्शुरन्स अजून कापायचाच आहे. पेन्शन घेतलीत तर मालकाचा वाटाही रेटमधूनच. रजेचा पगारसुद्धा याच १,७२२ मध्ये धरलेला. तो दर आठवड्याला मिळतो की साठवला जातो, हे आधीच विचारा. साठवला असेल तर रजा घेऊन वेळेत वसूल करा.

म्हणून इनसाइडचा रेट ठरवताना आउटसाइडच्या आकड्याशी तुलना करू नका. एजन्सीने 'की इन्फर्मेशन डॉक्युमेंट' देणं बंधनकारक आहे, त्यात हातात पडणाऱ्या रकमेचं उदाहरण असतं. ते वाचूनच हो म्हणा.

आउटसाइडला लिमिटेड अजूनही फायद्याची, पण पूर्वीइतकी नाही. थोडा पगार, बाकी डिव्हिडंड (कंपनीच्या नफ्यातला वाटा) हा जुना हिशेब. ५०,००० पौंडांपर्यंतच्या नफ्यावर कॉर्पोरेशन टॅक्स १९ टक्के. करमुक्त डिव्हिडंड मात्र ५,००० वरून ५०० वर आलाय. ४०० च्या रेटने २२५ दिवस भरले की ९०,००० ची व्हॅट-नोंदणीची मर्यादा गाठली. आजारी पडलात तर बिल नाही, पैसेही नाहीत. अम्ब्रेलात निदान कायद्याने ठरलेला आजारपणाचा पगार असतो.

"८५ टक्के हातात देतो" म्हणणाऱ्या अम्ब्रेलाला तिथेच रामराम. थोडा पगार आणि बाकी 'कर्ज' असा तो प्रकार असतो, आणि पुढे कराची नोटीस आपल्याच दारात येते.

स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्यांनी यात पडूच नये, तो व्हिसा एका मालकाशी बांधलेला असतो. डिपेंडंट व्हिसावरच्या जोडीदाराला दोन्ही वाटा खुल्या आहेत. काम आउटसाइड पण तीनच महिन्यांचं, पुढचं काही नक्की नाही, असं असेल तर मी तरी अम्ब्रेलाच घेईन.