जिन्याचं सेफ्टी गेट: अकरा महिने वापरल्यानंतर

मुलगी नऊ महिन्यांची असताना आम्ही घरात दोन सेफ्टी गेट बसवली. आता ती वीस महिन्यांची आहे. या काळात एक गेट जागेवरून सरकलं, ते बदलावं लागलं, माझ्या आईचा पाय दोनदा अडकला, आणि मुलगी जिन्यावरून एकदाही पडली नाही. घेताना मी मजबुती, उंची, रुंदी यांवर कितीतरी वेळ घालवला होता. आता कुणी सल्ला मागितला तर मी आधी एकच विचारतो: घरातलं सगळ्यात घाईत असणारं माणूस, एका हातावर बाळ असताना, हे गेट आपल्या मागे लावून घेईल का? बाकी सगळं त्यानंतर.

गेट दोन प्रकारची मिळतात. एक दाबावर बसणारं. चारही कोपऱ्यांचे नट फिरवले की रबरी टोकं दोन्ही बाजूंच्या भिंतींवर घट्ट दाबली जातात, भोकं पाडावी लागत नाहीत. दुसरं भिंतीत स्क्रूने पक्कं होणारं. भिंती खराब होऊ नयेत म्हणून आम्ही दोन्हीकडे पहिल्या प्रकारचंच लावलं, स्वयंपाकघराच्या दारात आणि जिन्याच्या वरच्या टोकाला. जिन्याच्या वर हा प्रकार लावू नये असं सोबतच्या कागदावर स्पष्ट छापलेलं होतं. मी तो वाचला नव्हता.

गेट लावल्यानंतर तिसऱ्या महिन्यात मुलगी धरून उभी राहायला लागली. उभं राहायला सगळ्यात आवडती जागा म्हणजे ते गेट. दोन गज मुठीत पकडायचे आणि अख्खं अंग मागेपुढे करत ते हलवायचं. एका दुपारी मी तिथंच जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होतो. रोजचा खडखडाट कानांच्या सवयीचा झाला होता, पण अचानक आवाज बदलला. रबर भिंतीवर घासल्याचा, दबका. मान वर केली तर खालचं डावं टोक बोटभर सरकलेलं, भिंतीच्या रंगावर काळा अर्धगोल उमटलेला, आणि गेटचा तो कोपरा पायऱ्यांच्या बाजूला झुकलेला. ती अजून गज धरूनच होती. मी दोन पावलांवर होतो म्हणून उचलता आली. त्यानंतर बराच वेळ मी तिला खाली ठेवलंच नाही.

संध्याकाळी खोकं पुन्हा उघडलं. तळाशी एका पाकिटात प्लास्टिकच्या चार छोट्या वाट्या आणि स्क्रू तसेच पडले होते. रबरी टोकं ज्यात बसवायची त्या भिंतीवरच्या वाट्या याच. दाबावर बसणाऱ्या पुष्कळ गेटची ढकल सोसण्याची ताकद या वाट्यांवरच अवलंबून असते. अमेरिकेतल्या एएसटीएम एफ १००४ या मानकात गेटने ३० पौंड, म्हणजे साधारण १३.६ किलोचा जोर सोसावा अशी अपेक्षा आहे. वाट्या न लावता नुसतं रबर रंगावर टेकवलं, तर या आकड्याचा आपल्याला काही उपयोग नाही. तुमच्या घरी असं गेट असेल तर आज ते पाकीट शोधा. वाट्या लावल्या तरीही हा प्रकार जिन्याच्या वर नको. एक तर तो निसटू शकतो, आणि दुसरं म्हणजे त्याच्या चौकटीची खालची दांडी उंबऱ्यासारखी आडवी येते. आईचा पाय अडकला तो तिथंच. स्वयंपाकघरात तोल गेला तर निदान सपाट जमीन असते, जिन्याच्या तोंडाशी खाली पायऱ्याच.

दुसऱ्या दिवशी स्क्रूचं गेट आणलं. ते बसवायला अर्धा दिवस गेला. एका बाजूला पक्की भिंत होती, प्लग ठोकून काम झालं. दुसऱ्या बाजूला कठड्याचा गोल खांब. त्यावर बिजागरी थेट बसेना. खांबाला पट्ट्यांनी आवळायची लाकडी पट्टी वेगळी मिळते, ती घेऊन त्यावर स्क्रू मारले. भिंत पोकळ फळ्यांची असेल तर स्क्रू आतल्या लाकडी आधारातच गेला पाहिजे, नुसत्या फळीत मारलेला काही दिवसांत ढिला होतो. भिंतीच्या तळाशी पट्टी असेल तर मोजमाप वर आणि खाली वेगवेगळं घ्या. आमच्याकडे दोन्हींत जवळपास दीड सेंटीमीटरचा फरक निघाला.

आणि गेट उघडायला हवं ते घराच्या बाजूला, पायऱ्यांच्या बाजूला कधीच नाही. उलट्या दिशेला जाऊ नये म्हणून छोटा अडसर सोबत येतो, तो न विसरता लावा. कडेवर मूल असताना जिन्याकडे झुकणाऱ्या गेटमागे पुढे जावं लागणं फार धोक्याचं.

रोजच्या वापराबद्दल. खटका अंगठ्याने मागे ओढायचा आणि गेट किंचित उचलायचं, अशी आमच्या गेटची रीत. मला ते एका हाताने जमतं. आईच्या बोटांना संधिवात आहे, तिला जमेना. पहिले दोन आठवडे ती मला हाक मारायची, मग हळूहळू गेट नुसतं लोटून ठेवायला लागली. लोटलेलं गेट बाळाला उघडंच असतं, आणि मोठ्यांना मात्र ते बंद वाटत राहतं. मी हे तिला दोनदा सांगितलं. मग लक्षात आलं की सांगून भागणार नाही, खटका तिच्या हाताला जमेल असाच हवा. म्हणून पुन्हा गेट बदललं. आताच्याचा खटका वर आहे, तळव्याने दाबला की सुटतो, आणि बंद होताना स्पष्ट ‘खट्’ असा आवाज येतो. तो आवाज आम्ही आता पलीकडच्या खोलीतूनही ओळखतो. दुकानात जाणार असाल तर घरातल्या वयस्कर माणसाला सोबत न्या आणि खटका त्यांनाच उघडून बघू द्या.

स्वयंपाकघराचं गेट आपोआप बंद होणारं आहे. सोय चांगली आहे, पण एक गोष्ट दिसायला वेळ लागला. पूर्ण, म्हणजे काटकोनापर्यंत उघडलं की ते तसंच उघडं राहतं, आणि थोडंच उघडलं तर स्प्रिंगने परत येतं, पण दर वेळी खटका लागतोच असं नाही. मागे वळून बघायची सवय ठेवावी लागते. आणखी एक, कारण अनेकजण याच कारणासाठी गेट परत करतात: दाबावरचं गेट खोक्यातून काढल्यावर खटका आणि चौकट यांच्यात फट दिसते. गेट खराब नसतं, नट आवळत गेलं की फट मिटते. नंतर मात्र ते सैल पडत राहतं. महिन्यातून एकदा आम्ही चारही नट पाहतो आणि गेट दोन्ही हातांनी जोरात हलवतो, ती हलवते तसंच.

गेट ओलांडून कुणीही जायचं नाही, हा घरातला नियम मी फार कडक ठेवला आहे. पाहुण्यांनाही सांगतो. एक तर ओलांडताना मोठ्यांचा तोल जातो, आणि दुसरं, ती सगळं बघत असते.

कुणाकडून जुनं मिळत असेल तर जपून. लाकडाच्या घड्या पडणाऱ्या जुन्या गेटच्या वरच्या कडेला व्ही आकाराच्या मोठ्या खाचा असतात, त्यात बाळाची मान अडकू शकते. गजांचं गेट घेताना आडव्या दांड्या नसलेलं घ्या, नाहीतर ती शिडी होते.

वॉकर आम्ही घरात आणलाच नाही. चाकांवरचं बाळ काही क्षणांत जिन्यापर्यंत पोचतं. कॅनडाने २००४ साली त्यांच्यावर बंदीच घातली. खणांचं कपाट मात्र गेट लावलं त्याच आठवड्यात भिंतीला पट्ट्यांनी बांधलं, कारण एक खण उघडून त्यावर चढायला मुलांना शिकवावं लागत नाही. बादलीत पाणी साठवून ठेवणंही बंद केलं, कारण पाच सेंटीमीटर पाणीही लहान मुलाला बुडायला पुरेसं असतं. बाहेर जाताना बाबागाडीच्या दांडीला पिशवी अडकवत नाही. मूल उचललं की गाडी मागे उलटते, आणि मूल आत असतानाही उलटू शकते.

आता गेट काढायची वेळ जवळ येतेय. युरोपातलं ईएन १९३० हे मानक २४ महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. गेटची उंची मुलाच्या उंचीच्या तीन चतुर्थांशापेक्षा कमी झाली, किंवा मूल चढायला लागलं, की ते काढावं असं सांगतात. आमचं गेट ७५ सेंटीमीटरचं आहे, ती ८३ सेंटीमीटरची, म्हणजे उंचीच्या हिशेबाने अजून जागा आहे. पण गेल्या आठवड्यात तिने खटक्यावर तळवा ठेवून दाबून पाहिलं. जोर पुरला नाही. जागा मात्र बरोबर होती.

म्हणून रोज संध्याकाळी आम्ही गेट उघडून जिना उतरायचा सराव करतो. पोटावर पालथं व्हायचं, पाय आधी खाली सोडायचे, पायरी बोटांनी चाचपायची, मग दुसरा पाय. ती दर पायरीला थांबून मागे बघते, मी खाली आहे ना म्हणून. मी तिच्याखाली दोन पायऱ्यांवर, दोन्ही हात मोकळे ठेवून उभा असतो.