पाथ कुठे लिहायचा: सिस्टीममध्ये, यूजरमध्ये की प्रोजेक्टच्या फोल्डरात?

रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेत आमच्याकडे इंजिनियरिंगला असलेलं कुणी ना कुणी लॅपटॉप घेऊन येतंच. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा टाकलेली असते, तरी कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत तेच वाक्य: ‘इज नॉट रेकग्नाइज्ड’, म्हणजे ही कमांड ओळखीची नाही. गेल्या रविवारी दोघं आली. शेजारची मुलगी, स्वतःचा लॅपटॉप घेऊन; आणि भंवरकुआंला वीस कॉम्प्युटरची लॅब चालवणारा माझा आतेभाऊ. प्रश्न एकच होता, पण उत्तरं मी दोघांना वेगवेगळी दिली.

पाथ म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचे त्या फोल्डरांची यादी. कमांड दिली की विंडोज पाथमधले फोल्डर वरून खाली शोधत जातं आणि पहिलं सापडेल ते चालवतं. पाथच्या याद्या दोन: सिस्टीमची आणि यूजरची. जोडताना सिस्टीमची आधी येते. म्हणून सिस्टीमच्या यादीत जुनं पायथन बसलेलं असेल, तर यूजरच्या यादीत नवं कितीही वर नेलं तरी जुनंच चालतं. ‘व्हेअर पायथन’ ही कमांड दिली की कोणकोणतं सापडतंय ते क्रमाने दिसतं. काहीही बदलण्याआधी मी हे बघतोच.

सिस्टीमचा पाथ मशीनवरच्या सगळ्या खात्यांना लागू होतो आणि तो बदलायला ॲडमिनचे अधिकार लागतात. लॅबमध्ये हेच सोयीचं, कारण विद्यार्थी कोणत्याही खात्यातून आला तरी पायथन सापडतं. पण त्यातली चूकही सगळ्यांना भोवते. आतेभावाच्या एका मशीनवर कोणीतरी ‘सेटएक्स’ कमांडने जुन्या पाथला नवा फोल्डर जोडला होता. सेटएक्स 1024 अक्षरांपुढचं कापून टाकतं. इशारा देतं, पण तोवर कापून झालेलं असतं. गेलेले फोल्डर आम्ही शेजारच्या मशीनवर बघून एकेक करून परत भरले, त्यात अख्खी दुपार गेली. पाथसाठी सेटएक्स वापरूच नका. सेटिंगमधल्या खिडकीत एका ओळीवर एक फोल्डर दिसतो, तिथेच बदल करा.

स्वतःच्या लॅपटॉपला यूजरचा पाथ पुरतो. ॲडमिन लागत नाही आणि बिघडलं तर आपल्यापुरतंच. शेजारच्या मुलीची अडचण मात्र वेगळीच होती: ‘पायथन’ लिहिलं की मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडायचं. विंडोजने यूजरच्या पाथमधल्या एका फोल्डरात स्टोअरकडे नेणारा, त्याच नावाचा एक दुवा ठेवलेला असतो. तिने पायथनचा फोल्डर यादीत सगळ्यात खाली टाकला होता, त्यामुळे आधी तो दुवा सापडत होता. फोल्डर वर सरकवला आणि काम झालं. सेटिंगमध्ये ‘ॲप एक्झिक्यूशन एलियस’मधून तो दुवा बंदही करता येतो. मुळात इन्स्टॉलरच्या पहिल्याच पानावर पाथमध्ये जोडण्याचा चौकोन असतो. तो आपोआप टिक झालेला नसतो, आणि घाईत तोच सुटतो.

जावाची गोष्ट थोडक्यात: ‘जावा_होम’ या सेटिंगमध्ये जेडीकेचा (जावात प्रोग्राम लिहायच्या संचाचा) फोल्डर द्या, त्यातला ‘बिन’ नको. ‘बिन’ जातो पाथमध्ये.

पायथनची पॅकेजेस (वरून जोडायचे तयार कोड) टाकायची असतील तर माझा कौल ठामपणे तिसऱ्या वाटेला, म्हणजे प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या वातावरणाला. ते बनवणारं ‘व्हीएन्व्ह’ पायथन 3.3 पासून सोबतच येतं. ते चालू केलं की त्या एका खिडकीपुरता त्याचा ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डर पाथच्या सुरुवातीला लागतो. खिडकी बंद, की पाथ जसाच्या तसा. लॅबमध्ये याचा फायदा मोठा. सगळ्यांसाठी टाकलेल्या पायथनच्या फोल्डरात साध्या खात्याला लिहिता येत नाही, म्हणून पॅकेज टाकणारी ‘पिप’ ही कमांड ते खात्याच्या आतल्या फोल्डरात टाकतं. तो फोल्डर सहसा पाथमध्ये नसतो. मग पॅकेज आहे पण कमांड नाही, अशी तक्रार येते.

व्हीएन्व्हच्या दोन अडचणी आहेत. त्याचा फोल्डर दुसरीकडे हलवला की मोडतो, तेव्हा हलवू नका, नव्याने बनवा. आणि पॉवरशेल, म्हणजे विंडोजची दुसरी कमांड-खिडकी, कधी कधी व्हीएन्व्ह चालू करणारी स्क्रिप्ट चालवूच देत नाही. अशा वेळी साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा.

आतेभावाने लॅबमध्ये सिस्टीमच्या पाथवर एकच पायथन ठेवलं, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या फोल्डरात व्हीएन्व्ह. मुलीने यूजरचा पाथ घेतला, कॉलेजच्या प्रोजेक्टला व्हीएन्व्ह. संध्याकाळी तिचा फोन आला, कोड लिहायच्या एडिटरमध्ये अजून जुनाच पाथ दिसतोय म्हणून. चालू प्रोग्राम सुरू होतानाचाच पाथ धरून बसतो, आणि एडिटरच्या आतली कमांडची खिडकी तो एडिटरकडूनच घेते. पूर्ण एडिटर बंद करून उघड, एवढंच सांगितलं.