मेल आमच्या नावाचा, खातं भलत्याचं

धायरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, जिग-फिक्श्चर बनवतो. मार्चअखेरची वसुली म्हणून शिरोलीच्या एका फाउंड्रीला फोन लावला. ४,८६,००० रुपये येणं होतं. तिकडचे अकाउंटवाले काका म्हणाले, "अहो साहेब, पैसे सोमवारीच टाकलेत की! तुमच्या नव्या खात्यावर."

आमचं नवं खातं नाहीच.

मेल आमच्याच पत्त्यावरून आलेला. बिल नंबर बरोबर, रक्कम पैशापर्यंत बरोबर, खाली माझी सही. फक्त ‘रिप्लाय’ दाबल्यावर उमटणाऱ्या पत्त्यात आमच्या डोमेनमध्ये (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागात) एक अक्षर जास्त होतं. काकांनी "पावती पाठवा" असा मेल केला, चोराने पावतीही पाठवली!

बिलं त्याच्याकडे गेली कशी, हे मागाहून उमगलं. जानेवारीत आमच्या ऑफिसमधल्या ताईंना "मेलबॉक्स भरला आहे, लॉगिन करा" असा मेल आला होता. त्यांनी पासवर्ड टाकला, शंका आली तशी तासाभरात मला सांगितलंही. आम्ही पासवर्ड बदलला आणि सुटलो असं समजलो. त्या तासाभरात त्याने हवं ते उतरवून घेतलं असणार. ताईंना मी एका शब्दाने बोललो नाही, चूक माझी मोठी होती.

ती अशी. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याने काकांना फोनवरून जीमेलमधल्या तीन टिंबांवर जाऊन ‘शो ओरिजिनल’ उघडायला लावलं. तिथे एसपीएफ, म्हणजे डोमेनच्या मालकाने ठरवलेल्या सर्व्हरच्या यादीशी पडताळणी, चक्क पास! मी म्हटलं, हे कसं? तो म्हणाला, "मामा, पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता चोराच्या स्वतःच्या डोमेनचा आहे, आतल्या लेटरहेडवर नाव तुमचं. एसपीएफ नुसतं पाकीट बघतं." पाकीट किंवा डीकेआयएमची सही (मेलवरची डोमेनची डिजिटल सही), यांतलं एक तरी लेटरहेडशी जुळतं का, हे बघायला लावतो आणि न जुळल्यास काय करायचं ते सांगतो तो डीमार्क नावाचा नियम, आणि तो आमच्याकडे नव्हताच. म्हणजे आमच्या मेलबॉक्समध्ये न शिरताही कुणीही आमच्या नावाने लिहू शकत होतं.

काकांना लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला लावली, कारण पैसे त्यांच्या खात्यातून गेले होते. पण मधे चार दिवस गेलेले. १,१२,००० रुपये गोठवले गेले, बाकीचे पुढच्या खात्यांत पांगले होते.

डीमार्क म्हणजे डीएनएसमध्ये, डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, टाकायची टीएक्सटी रेकॉर्डची (साध्या मजकुराच्या नोंदीची) एक ओळ. पण डीएनएसचं लॉगिन होतं वेबसाइट करून दिलेल्या पोराकडे, आणि तो कधीच दुसरीकडे नोकरीला लागलेला. वर्कशॉपच्या कुलपाच्या तीन चाव्या कुणाकुणाकडे आहेत ते मला झोपेतही सांगता येईल, डोमेनची किल्ली शोधायला मात्र नऊ दिवस लागले.

मग घाईत मी डीमार्कमध्ये थेट ‘रिजेक्ट’ (न जुळणारा मेल घेऊच नका) लावून टाकलं, आणि आमचीच बिलं परत यायला लागली. बिलिंग सॉफ्टवेअर मेल पाठवतं स्वतःच्या सर्व्हरवरून, तो एसपीएफमध्ये नव्हता नि त्याला आमची डीकेआयएमची सहीही नव्हती. भाच्याने आधी ‘नन’वर आणलं, महिनाभर अहवाल पाहिले, सॉफ्टवेअरला सही जोडली, मग ‘क्वारंटाइन’ (न जुळणारा मेल स्पॅममध्ये टाका), शेवटी ‘रिजेक्ट’. ‘नन’ने काहीच अडत नाही, नुसते अहवाल येतात, बरेच जण तिथेच थांबतात. आणि एक अक्षर जास्त असलेलं डोमेन तर डीमार्कच्या कक्षेतच येत नाही. म्हणून बिलावर आता छापलंय: "खाते बदलल्यास आम्ही मेल करणार नाही, जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा."

नुकसान आम्ही निम्मं-निम्मं सोसलं. काका आता प्रत्येक बिलाला आधी एक रुपया टाकतात आणि फोन करतात, "आला का हो?"