वर्डफेन्स फ्री: छोट्या दुकानाच्या वेबसाइटला पुरतं का?

सोलापूरच्या चाटी गल्लीत आमचं चादर-टॉवेलचं होलसेल दुकान आहे, वेबसाइट वर्डप्रेसवर, आणि त्यावर वर्डफेन्स या सुरक्षेच्या प्लगिनचं (वर्डप्रेसला जोडायच्या जादा सॉफ्टवेअरचं) फ्री व्हर्जन बरेच दिवस चालू आहे. पाचपैकी चार स्टार.

सगळ्यात आवडलं ते लाइव्ह ट्रॅफिक, म्हणजे साइटवर आत्ता कोण येतंय, काय करतंय ते दाखवणारं पान. चौकशीच्या फॉर्ममध्ये नावाच्या जागी कुणीतरी चक्क स्क्रिप्टचा टॅग, म्हणजे कोड, टाकून पाठवलेला, तिथं एक्सएसएस (आपल्या पानात परका कोड घुसवायचा हल्ला) म्हणून ब्लॉक झालेला दिसला. किरकोळ वाटतं, पण फॉर्मच्या प्लगिननं ते न तपासता सेव्ह केलं आणि आपण ॲडमिनमध्ये जाऊन ती चौकशी उघडली की तो कोड आपल्याच लॉगिनवर चालतो, गुपचूप नवा ॲडमिन तयार करून मोकळा होतो, पासवर्ड चोरायची गरजच नाही! आणि हे काय फक्त फालतू प्लगिनमध्येच होतं असं नाही, साइटचा वेग वाढवणाऱ्या लाइटस्पीड कॅश प्लगिनमध्ये पण लॉगिन न करता वापरता येईल असं भोक निघालं होतं, ५.७.०.१ मध्ये बुजवलं, आणि ते प्लगिन ४० लाखांवर साइटवर आहे.

एक स्टार कापला कारण फायरवॉलचे (हल्ले अडवणाऱ्या भागाचे) नवे रूल फ्रीवाल्यांना ३० दिवस उशिरा मिळतात. साधा एक्सएसएस जनरल रूलमध्ये अडकतो, पण एखाद्या प्लगिनसाठी खास रूल आला तर महिनाभर आपण उघड्यावर. पॉपअप बिल्डर प्लगिनचं बघा ना, ४.२.३ मध्ये दुरुस्ती आली होती तरी डिसेंबर २०२३-जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे आपल्याकडं गड्डा यात्रेच्या ऑफरचे पॉपअप लावायच्या दिवसात, जुनं व्हर्जन ठेवलेल्या हजारो साइट बलाडा इंजेक्टर नावाचा घातक कोड पसरवणाऱ्या हॅकरांनी फोडल्या. त्यामुळं वर्डफेन्स आहे म्हणून अपडेट लांबवू नका, प्लगिनचं ऑटो-अपडेट चालूच ठेवा.

स्कॅन चांगलं आहे, कुठल्या प्लगिनमध्ये भोक सापडलंय, कुठलं वर्डप्रेसच्या साइटवरनं काढून टाकलंय, सगळं मेलवर येतं. विकतच्या प्लगिनच्या फाइल मात्र मूळ फाइलशी ताडून बघता येत नाहीत त्याला. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर स्कॅनच्या वेळी साइट जड होते.

आणि टाकल्यावर फायरवॉल ऑप्टिमाइझ करायचं बटण आठवणीनं दाबा, बरेच जण तसंच सोडतात, मग फायरवॉल वर्डप्रेस लोड झाल्यावरच जागं होतं.