भारवाहक भिंतीच्या जागी गर्डर: काम चोख, गिलावा मात्र कुचकामी

लातूरमधील आमच्या खांब नसलेल्या जुन्या घरात माजघर आणि स्वयंपाकघर यांमधली नऊ इंची भारवाहक भिंत काढून तेथे लोखंडी गर्डर बसवला, त्याला आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटला आहे. गर्डरबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यावरच्या गिलाव्याबद्दल.

किल्लारीचा १९९३ चा भूकंप आठवणाऱ्यांना, भिंतीला हात लावण्याआधी अभियंत्याकडून आकडेमोड करून घ्या, हे वेगळे सांगायला नको. आमच्या अभियंत्याने पहिली हरकत घेतली ती गच्चीवरच्या टाकीला. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हाच्या धास्तीने घेतलेली ही दोन हजार लिटरची, म्हणजे भरल्यावर दोन टनांची टाकी नेमकी त्याच भिंतीच्या माथ्यावर होती. ती रिकामी करून बाहेरच्या भिंतींच्या कोपऱ्यावर हलवली, भिंतीच्या दोन्ही अंगांना स्लॅबखाली फळ्या देऊन लोखंडी जॅक लावले, आणि मगच तोडफोड सुरू झाली. दोन्ही टोकांना भिंतीचा काही भाग शाबूत ठेवून त्यावर काँक्रीटचे बेड ब्लॉक, म्हणजे गर्डरची टोके टेकवायचे ठोकळे, ओतले, त्यांवर २५० मिलिमीटर उंचीचा गर्डर टेकवला आणि स्लॅबखालची फट न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या खास मसाल्याने, ठासून भरली. ग्राउट पक्के होईपर्यंत अभियंत्याने जॅक काढू दिले नाहीत, आणि भाडे रोजावर असल्यामुळे ते मला फार खटकले. पण फट राहिली तर टेकू काढताच स्लॅब तेवढा खाली बसून मग गर्डरवर टेकतो, हे कळल्यावर मी ते भाडे निमूटपणे भरले.

आता गिलावा. लोखंडावर सिमेंटचा गिलावा नुसता धरत नाही; आधी चिकन मेश जाळी गर्डरला गुंडाळून वीटकामावरही वीतभर पुढे नेऊन ठोकावी लागते. ठेकेदाराने जाळीला फाटा दिला. उन्हाळ्यात गर्डरच्या कडेने केसाएवढी भेग पडली आणि पावसाळ्यात ती रुंदावली, तेव्हा गर्डर वाकला असेच माझे मत झाले होते, आणि जोत्याखालची काळी माती फुगली असावी, ही शंका त्यावर आणखी होती. अभियंत्याने गर्डरखाली दोरी ताणून पाहिली, तर तो सरळ होता. बेड ब्लॉकखालच्या विटाही अभंग होत्या. हातोडीने ठोकताच गिलावा तेवढा पोकळ वाजला.

मग सगळा गिलावा खरवडून काढला, रेड ऑक्साइडच्या गंजरोधक थरावर ऑइल पेंटचे दोन हात दिले आणि गर्डर उघडाच ठेवला. आईंना तो अजूनही डोळ्यांना खुपतो. मला मात्र आता तोच प्रकार अधिक बरा वाटतो, कारण गंज आणि टोकांकडचे वीटकाम कधीही पाहता येते. जाळी दरपत्रकात नव्हती, असे ठेकेदाराचे म्हणणे आहे. गिलावा होता, आणि तो टिकला नाही, म्हणून खरवडण्याची मजुरी आणि रंगाचा खर्च मी त्याच्या शेवटच्या हप्त्यातून कापून घेतला आहे.